घरात एक सायकल असताना दुसरी कशाला?



परवा भाताच्या बियाण्याची चौकशी करायला नसरापूरला गेलो होतो. येताना सायकलच्या दुकानात थांबलो. बिनदांड्याची, मागं कॅरेज असलेली साधी सायकल, 6,400 रुपये सांगितले. घरी विषय काढला तर आप्पा म्हणाले, "अरे, गाडी हाय, सायकल हाय, अजून एक कशाला? त्यापेक्षा फवारणीचा पंप घे की."

आप्पांचं चुकलं असं नाही. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या जुलैत जे झालं, त्यानंतर हिशोब मांडून बघितला. तोच इथं देतोय.

आमचं घर विंझरच्या वाडीवर. खालची खाचरं घरापासून सव्वादोन किलोमीटर. पोरीची शाळा दुसऱ्या अंगाला, तीन किलोमीटर. घरात एक मोटरसायकल, ती फक्त मी चालवतो. आणि एक दांड्याची जुनी सायकल.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. सायकल पोरीनं नेलेली. मी गाडी घेऊन आदल्या दिवशीच पुण्याला गेलेलो. लावणी होऊन पंधरा दिवस झालेले आणि नुकताच युरियाचा हप्ता दिलेला. रात्री पावसानं झोडपलं. ही धारा काढून, स्वयंपाक उरकून चालत खाचरावर पोचली तेव्हा नऊ वाजून गेले होते. बांधाला खेकड्यानं पाडलेल्या भोकाचं भगदाड झालं होतं. पाणी गेलं, खत गेलं, काठाच्या चार ओळींची रोपंही वाहून खालच्याच्या खाचरात गेली.

भातवाल्यांना सांगायला नको, खेकड्याचं भोक वेळेत दिसलं तर चिखल-गवताचा बोळा कोंबून दहा मिनिटांत बंद होतं. तासभर उशीर झाला की बांध घालायचं काम लागतं. आपल्या वेल्ह्यात (आता राजगड तालुका म्हणा) पाऊस असा पडतो की सकाळची फेरी हे खताच्या हप्त्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

संध्याकाळी मी म्हणलं, "पोरीला एक दिवस चालत पाठवायचं, सायकल तू न्यायची." तर ही म्हणाली, "अहो, त्या दांड्याच्या सायकलवर साडीत चढू कशी?"

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. माहेरी असताना ती शाळेला रोज सायकलवर जायची. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यानंतर एकदाही सायकलवर बसली नाही. म्हणजे घरात सायकल आहे असं आम्ही म्हणत होतो, पण ती आप्पांची, माझी आणि आता पोरीची. शेतात सगळ्यात जास्त फेऱ्या जिच्या, तिच्यासाठी घरात एकही वाहन नव्हतं.

आता हिशोब. सव्वादोन किलोमीटर चालायला अर्धा तास. सायकलवर दहा मिनिटं. एका वेळेला 20 मिनिटं वाचली. लावणी ते बेणणीच्या दिवसांत ती दोनदा जाते, दोनदा येते, म्हणजे दिवसाला 80 मिनिटं. असे 60 दिवस धरले तर 80 तास, आठ तासांचा दिवस धरून पुरे दहा दिवस. आमच्याकडं गेल्या लावणीला बाईची मजुरी 400 रुपये होती. म्हणजे एका हंगामात 4,000 रुपयांचं काम नुसतं वाटेवर जातं. दुसऱ्या हंगामात सायकल फिटली. पंपाची किंमत आपण लगेच धरतो, घरच्या बाईच्या पायपिटीची धरत नाही, कारण त्याची पावती कुणी देत नाही.

"गाडीवर सोडत जा की," असं काही जण म्हणतील. लिटरला 50 किलोमीटर धरले तरी आजच्या दरानं किलोमीटरला दोन रुपयांच्या वर जातात. आणि मी घरी असलो तरच.

पोरीचंही सांगतो. बिहार सरकारनं 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी त्याचा परिणाम तपासला. वेळच्या वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथं फायदा जास्त दिसला. माझी पोरगी पण तेवढंच अंतर जाते. सायकल शेताला लागली की तिनं शाळा बुडवायची, अशी पाळी मला घरात आणायची नाही.

सायकलीनं सगळं भागतं असं म्हणत नाही. आपल्याकडं चढ आहेत, तिथं उतरून ढकलावीच लागते. मुसळधार पावसात पोरीला एसटीच बरी. खताची गोणी तर गाडीवरच आणायची. पण रोजच्या छोट्या फेऱ्या, डबा, दुधाची किटली, वैरणीचा लहान भारा, पाण्याची पाळी, एवढं सायकलवर आरामात होतं.

घ्यायची असेल तर गिअरच्या भानगडीत पडू नका. चिखलात ते अडकतात आणि दुरुस्ती गावात होत नाही. दांडा नसलेली, मडगार्ड रुंद, कॅरेज मजबूत, सीट खालीवर होणारी घ्या, म्हणजे घरातलं कुणीही चालवू शकतं. मागं रिफ्लेक्टर पाहिजेच. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, तेव्हा बिल मागून घ्या. मुलीसाठी घेत असाल तर आधी पंचायत समितीत चौकशी करा, जिल्हा परिषदेच्या योजनेत कधीकधी सायकली असतात. पण त्यासाठी हंगाम थांबवू नका.

आप्पांना हा हिशोब वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "घ्यायची तर मिरग लागायच्या आधी घे. तिचा हात बसायला चार दिवस लागतील."

तर पुढच्या बाजारच्या दिवशी आणतोय. ही येणार आहे बरोबर, सीटची उंची तिच्या मापानं लावायला. तुमच्या घरात शेतावर सगळ्यात जास्त चालतं कोण, हे एकदा मोजून बघा.