मजुरी जकातीत धरता येत नाही

रमजानचा दुसरा आठवडा लागला की सोलापुरात विजापूर वेस, बेगम पेठ, शास्त्रीनगर, नई जिंदगी या भागांत शिध्याच्या पिशव्या घरोघर जाऊ लागतात. गव्हाचे पीठ, तांदूळ, तूरडाळ, साखर, तेल, शेवया आणि वर खजुराचे पाकीट. मशिदींच्या कमिट्या, तरुणांची मंडळे, व्यापारी, डॉक्टर असे सगळे त्यात असतात. पैसे देणाऱ्यांत हिंदू शेजारी असतात आणि घेणाऱ्यांतही कुठे कुठे हिंदू घरे असतात. त्याची फारशी चर्चा होत नाही, ते बरेच आहे. या पिशव्या ज्यांच्या दारात जातात त्यांत विधवा असतात, रिक्षावाले असतात, यंत्रमागावरचे कामगार असतात. आणि फार मोठ्या संख्येने असतात त्या विड्या वळणाऱ्या बायका.

यातला बराचसा पैसा जकातीचा असतो. इतर धर्मीय वाचकांना जकात म्हणजे दानधर्म वाटतो, पण ते तितकेसे बरोबर नाही. वर्षभर साठून राहिलेली संपत्ती ठरावीक मर्यादेच्या वर गेली की तिचा अडीच टक्के भाग काढून गरजूंना द्यावाच लागतो. रोजा, नमाज यांच्यासारखेच ते बंधन आहे. देणाऱ्याने उपकार म्हणून द्यायचे नाही, कारण तो भाग मुळात त्याचा नसतोच. तो गरिबाचा हक असतो, असा विचार त्यामागे आहे. जकातीचे नियमही बारीक आहेत. त्यातला एक फारसा सांगितला जात नाही. आपल्याकडे काम करणाऱ्याला जी मजुरी देणे लागतो, ती जकातीत धरता येत नाही. मजुरी हे देणे आहे. ते आधी चुकते करायचे, जकात त्यानंतर.

हा नियम धर्माचा असला तरी त्यातला हिशेब कोणत्याही धर्माच्या माणसाला कळेल असा आहे. आणि सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी इतकी वर्षे जे मोर्चे काढले, धरणी धरली, ती नेमकी याच हिशेबासाठी होती. मदत वेगळी, देणे वेगळे.

शहरात या बायकांची संख्या साठ-सत्तर हजार सांगितली जाते. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका आणि मुस्लिम बायका यांत सर्वाधिक. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकामागून एक बंद पडल्या, पुरुषांची पगारी नोकरी गेली, तेव्हा कितीतरी घरांतली चूल या बायकांच्या सुपावर पेटत राहिली. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा मोजून आणायचा. पान भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायचे, साच्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड दुमडून दोरा बांधायचा. हजार विड्या पुऱ्या करायला अख्खा दिवस जातो आणि संध्याकाळची रातही लागते. रमजानात सहरी झाली की झोपायचे सोडून पान कापायला बसणाऱ्या बायका आहेत. इफ्तारच्या आधी हजारी पुरी झाली पाहिजे.

मग माल मोजून घेताना काही विड्या खराब म्हणून बाजूला पडतात. त्यांचे पैसे नाहीत. पान खराब निघाले तर तूट तिनेच पदरचे पान विकत आणून भरायची. ही तक्रार एका पिढीची नाही. आई, मुलगी, सून अशी ती चालत आली आहे. सरकारने हजारी विड्यांचा किमान दर जाहीर करायचा आणि तो हातात पडण्यासाठी पुन्हा वेगळे आंदोलन करायचे, असा हा क्रम आहे. 1948 चा किमान वेतन कायदा होता, विडी-सिगार कामगारांसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा होता. कायद्यांची कमतरता कधीच नव्हती.

या बायकांनी जिंकलेली सर्वात मोठी गोष्ट अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला उभी आहे. भाड्याच्या एका खोलीत सहा-आठ माणसे आणि तंबाखूची धूळ, यातून बाहेर पडण्यासाठी सीटू या कामगार संघटनेने घरांची मागणी लावून धरली. पुढारी होते नरसय्या आडम, सोलापूरकरांचे आडम मास्तर, तीन वेळा विधानसभेवर निवडून गेलेले. केंद्राने काही भार उचलायचा, राज्याने काही, उरलेला कामगार बाईने, अशी मांडणी होती. असली योजना सरकारी टेबलांवरून पुढे सरकायला किती हेलपाटे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले आणि दहा हजार घरांचा ताबा बायकांना मिळाला. वसाहतीला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे, ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे करणाऱ्या बाईंचे.

नंतर रे नगर आले. तीस हजार घरे. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, रिक्षाचालक, कचरा वेचणारे अशा असंघटितांसाठी. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पुन्हा येऊन पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण केले. एक पंतप्रधान काँग्रेसचे, दुसरे भाजपचे, आणि दोघांना किल्ल्या द्यायला बोलावून आणणारी मोहीम लाल बावट्याची. 2019 च्या कार्यक्रमात मोदींची स्तुती केली म्हणून आडम मास्तरांना त्यांच्याच पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले होते. पक्षाचे गणित पक्षाने पाहावे. घर मिळालेल्या बाईला ते कुणाच्या हातून मिळाले यापेक्षा छत गळते की नाही याची काळजी जास्त, आणि त्यात काही चूक नाही.

पण एक आकडा इथे सांगायलाच हवा, कारण ‘सरकारने फुकट घरे वाटली’ असे शहरात सहज बोलले जाते. पायाभरणीच्या वेळी रे नगरचा एकूण खर्च 1,811 कोटी रुपये सांगितला होता. त्यात केंद्र आणि राज्य मिळून 750 कोटी. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख. म्हणजे निम्म्याहून जास्त भार विडी वळणारीचा, माग चालवणाऱ्याचा, कचरा वेचणारीचा. बचतीतून किंवा कर्जाच्या हप्त्यांतून. याला फुकट म्हणायचे असेल तर गृहकर्जावर प्राप्तिकराची सवलत घेणाऱ्या मध्यमवर्गाच्या फ्लॅटलाही तोच शब्द लावावा लागेल.

घर मिळाले म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. वसाहत गावाबाहेर असली की बस, पाणी, शाळा, दवाखाना हे प्रश्न पाठोपाठ येतात, आणि कामाची जागा लांब पडली तर भाड्यातच मजुरी जाते. तरीही ज्या बाईच्या नावावर घर आहे, तिला नवऱ्याच्या घरातून कुणी बाहेर काढू शकत नाही. मालकी बाईच्या नावाने आली, ही या मोहिमेची खरी कमाई.

आता घरामागच्या धोरणाकडे यावे लागते. 1976 च्या कायद्याने विड्यांवर एक छोटा उपकर लावला गेला होता. हजार विड्यांमागे ठरावीक रक्कम वेगळी निघायची आणि ती विडी कामगार कल्याण निधीत जायची. त्या निधीतून विडी कामगारांचे दवाखाने, त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीचे अनुदान चालायचे. पैसा त्याच धंद्यातून निघायचा आणि त्याच हातांकडे परत यायचा. मालाच्या विक्रीतच कामगाराचा वाटा लिहिलेला होता. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर संपला. विडीवर 28 टक्के कर बसला, तो पुढे 18 वर आणण्याचा निर्णय झाला. पण त्यातला एकही पैसा विडी कामगारासाठी म्हणून राखलेला नाही. कल्याणाच्या योजना चालू राहिल्या, मात्र आता त्या अर्थसंकल्पात किती तरतूद होते त्यावर अवलंबून आहेत. काल जो वाटा कायद्याने निघत होता, तो आज देणाऱ्याच्या मर्जीवर आला. या बदलावर सोलापुरात व्हायला हवी होती तेवढी आरडाओरड झाली नाही. विडीवर 28 टक्के कर बसला म्हणून कारखानदार बोलले, तेवढेच ऐकू आले.

पेन्शनची गोष्ट तर याहून सरळ आहे. ज्या बायकांचा भविष्यनिर्वाह निधी कापला गेला, त्यांना म्हातारपणी 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शन मिळते. किमान रक्कम महिन्याला एक हजार रुपये. ती सप्टेंबर 2014 मध्ये ठरली आणि तिथेच थांबली. तेव्हाची डाळ, तेव्हाचे तेल आणि आजचे, हा हिशेब घरात बाजार करणाऱ्या कुणीही करावा. ही रक्कम 7,500 रुपये आणि वर महागाई भत्ता करावी, अशी पेन्शनधारकांची मागणी आहे. याच राज्यात 2024 पासून लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रीला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. ते मिळू नयेत असे कोण म्हणेल? पण ज्या बाईने पंचवीस-तीस वर्षे विड्या वळून, दर महिन्याला मजुरीतून पैसे कापून देऊन पेन्शन कमावली तिला हजार, आणि मदतीची रक्कम दीड हजार. त्यातही लाडकी बहीण पासष्टाव्या वर्षी थांबते, म्हणजे जेव्हा बोटे वळेनाशी होतात तेव्हाच. सरकारला मदत परवडते, देणे परवडत नाही, असे यातून दिसते. मदतीचा फलक लावता येतो, हेही एक कारण असावे.

विडी हा काही जपून ठेवावा असा धंदा नाही, असे कुणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. ओढणाऱ्याला तिने कर्करोग दिला, वळणारीला खोकला आणि पाठदुखी दिली. पुढच्या पिढीने सुपापुढे बसू नये असे या बायकांनाच वाटते. शिष्यवृत्तीसाठी त्या रांगेत उभ्या राहतात ते त्यासाठीच. शहरात गणवेश शिवण्याचा उद्योग वाढतो आहे, तिकडे वळायला प्रशिक्षण आणि घराजवळ काम मिळाले तर बऱ्याच जणी जातील. पण धंदा वाईट आहे म्हणून त्यात राबणारीची मजुरी बुडावी, हा न्याय कुठला? तंबाखूविरुद्धची मोहीम आणि मजुरीची मोहीम एकमेकींच्या आड येत नाहीत. धंदा संपवायचा असेल तर तो कामगाराचे देणे चुकवून संपवावा.

असे मागणे मागण्यात या शहराला संकोच वाटण्याचे कारण नाही. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हा तरुण गिरणी कामगारांत काम करणारा आणि ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारा होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि तो, चौघांचे पुतळे एकाच चौकात आहेत. चार घरे, चार समाज. इंग्रजांचा मार्शल लॉ सहन केलेल्या गावात पद्मशाली आणि मुस्लिम बायका एकाच मोर्चात चालतात तेव्हा त्या काही नवे करत नसतात.

आणि मोर्चाचे काम संपलेले नाही. 21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राने चार श्रमसंहिता लागू केल्या. 1966 चा विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा त्यात विलीन झाला. विडी कामगारांना किमान वेतन, आठवड्याला 48 तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट दर मिळेल असे सांगण्यात आले. कागदावर हे चांगले आहे. पण घरी बसून हजारीच्या दराने काम करणारीचे तास मोजणार कोण? तिच्या घरात घड्याळ आहे, हजेरीपट नाही. दर इतका असायला हवा की आठ तासांत होतील तेवढ्या विड्यांत दिवसाची किमान मजुरी निघेल. हजारीला बारा तास लागत असतील तर दर तसा वाढवायला हवा. राज्य सरकारने नियम लागू करताना हे स्पष्ट लिहावे, अशी मागणी शहरातल्या सगळ्या पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी मिळून करण्यासारखी आहे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे काय, पान कमी पडले तर भरपाई कोणाची, हेही त्याच नियमांत यायला हवे.

प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे या संहितांनी सक्तीचे केले आहे. सोलापूरच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे कलम बहुधा हेच. कारण दुसरीच्या कार्डावर विड्या देणाऱ्या, ठेकेदाराकडून परस्पर पान घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत, ज्यांचे नाव कुठल्याच वहीत नाही. त्यांना भविष्यनिर्वाह निधी नाही, म्हणून ती हजाराची पेन्शनही नाही. कारखानदाराच्या सहीचे पत्र त्यांच्या हातात आले तर त्या कामगार ठरतील. ठेकेदाराच्या सहीचे आले तर पुढच्या रमजानातही शिध्याच्या यादीत त्यांचे नाव असेल, आणि मजुरीच्या यादीत नसेल.