कोळसा की करंट?

शीर्षक वाचून हा पॉवर सिस्टिम्सवरचा सेमिनार आहे असं समजून पान उलटू नका! विषय खाण्याचा आहे. घरच्या घरी मांसाला, माशाला छान धुरकट चव आणायची असेल तर ग्रिल कोळशाचं घ्यावं की विजेचं? गॅदरिंगसाठी जमलेल्या पैशांतून हॉस्टेलला एक ग्रिल घ्यायचं ठरतंय, आणि त्यावरून मेसच्या टेबलावर दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक म्हणते, "कोळशाशिवाय मजा नाही." दुसरी म्हणते, "स्विच दाबा, विषय संपवा." दोघींचेही आवाज मोठे आणि मुद्दे छोटे. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. माझं मराठी आजीकडून आणि एसटी स्टँडवरून आलेलं. पण या विषयात मराठीने मला जे शिकवलं ते इंग्रजीने शिकवलं नाही. माझ्या इंग्रजीत सगळ्याला मिळून एकच शब्द, 'स्मोक'. आपल्याकडे बघा, धूर वेगळा, धग वेगळी, धुरी वेगळी. लाकूड 'धुमसतं', निखारा 'रसरसतो'. आजी कधीच 'निखारा धुमसतोय' असं म्हणाली नाही. आणि गंमत म्हणजे कोळसा-करंट वादाचं अर्धं उत्तर या दोन क्रियापदांतच आहे.

कोळसा म्हणजे काय? लाकडाला पुरेशी हवा न देता तापवलं की त्यातलं पाणी आणि बाष्परूपाने उडून जाणारे पदार्थ निघून जातात. मागे राहतो तो मुख्यतः कार्बन. आता, धुरकट चव येते कशातून? लाकडातल्या लिग्निनचं उष्णतेने विघटन होऊन ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं तयार होतात त्यातून. म्हणजे चवीचा माल कोळसा बनतानाच बराचसा निघून गेलेला असतो! पूर्ण पेटलेला, वर पांढरी राख धरलेला निखारा जवळजवळ धूर देत नाही. तो धग देतो. चव येते ती दोन गोष्टींमुळे. एक, मांसातली चरबी आणि मसाला निखाऱ्यावर ठिबकून त्याचा जो धूर होतो त्यामुळे. दोन, आपण मुद्दाम टाकलेल्या, धुमसणाऱ्या लाकडामुळे.

पटत नसेल तर घरच्या धुंगाराकडे बघा. छोट्या वाटीत पेटता कोळसा ठेवून तो रश्शावर तरंगवतात. नुसता ठेवला तर फारसं काही होत नाही. त्यावर चमचाभर तूप सोडलं की भस्सकन धूर उठतो, मग झाकण. पाच मिनिटांत चव उतरते. धूर तुपाचा असतो, कोळसा फक्त गरम तवा!

म्हणून 'कोळशाची ओरिजनल चव' हा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. विजेच्या ग्रिलमध्ये एलिमेंटजवळ लोखंडी डबीत आंब्याच्या किंवा पेरूच्या लाकडाच्या ढलप्या ठेवल्या तर त्याही तशाच धुमसतात. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी प्रयोग केला. एकाच मसाल्यातलं चिकन, अर्धं गच्चीत कोळशावर, अर्धं विजेवर, दोन्हीकडे त्याच झाडाच्या ढलप्या. पाच जणांना डोळे मिटून खायला दिलं. दोघांनी बरोबर ओळखलं, तिघांनी उलटं सांगितलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण हाच निकाल लागला असता. (पाच जणांच्या सँपलवर स्टॅटिस्टिक्सचे सर हसतील, पण त्यांना पुढच्या वेळी सहावे म्हणून बोलावते.)

आता विजेचा खरा फायदा सांगते. धुरी देणं म्हणजे भाजणं नव्हे. भाजणं दहा-पंधरा मिनिटांचं काम, जोरात आच. धुरी देऊन शिजवायचं तर साधारण १०५ ते १२० अंश सेल्सियसवर तास न् तास ठेवावं लागतं. डुकराच्या खांद्यासारख्या चिवट मांसातलं कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो, घाई केली तर चामडं चावल्यासारखं लागतं. विजेच्या यंत्रात थर्मोस्टॅट असतो. ११० लावा आणि व्हायवाची तयारी करा. कोळशात हेच काम खालच्या झरोक्यातून हवा कमीजास्त करून करावं लागतं, दर अर्ध्या तासाला उठून. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर एकीकडे क्लोज्ड लूप, दुसरीकडे लूपमध्ये आपण स्वतः! चिकनच्या सर्वांत जाड भागात आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत जायलाच हवं, ही अट मात्र दोन्हीकडे सारखी. बाहेरून तांबूस दिसलं म्हणजे आतून शिजलं असं नाही. साधा प्रोब थर्मामीटर हा ग्रिलपेक्षाही महत्त्वाचा.

पण वीजपंथीयांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. जरा गणित करू. २००० वॅटचं ग्रिल २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर घेतं. आपल्या खोल्यांतला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटला हात टेकतो. कन्व्हर्टर पिन लावून, वर पातळ वायरचं एक्स्टेन्शन जोडून गच्चीत ग्रिल लावणारे महाभाग फायनल इयर इलेक्ट्रिकलमध्येच जास्त सापडतात, हे आपल्या शिक्षणाचं दुर्दैव! त्या ग्रिलला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंटच लागतो. पावसात उघड्यावर तर नाहीच नाही. शिवाय घरगुती ग्रिलवर एका वेळी मावणार दहा-बारा तुकडे. खाणारी तोंडं ऐंशी!

इथे कोळसा जिंकतो. एक किलो चांगल्या कोळशात सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता असते, म्हणजे आठ युनिटच्या आसपास. त्यातली बरीचशी हवेत जाते हे खरं, पण ना वायर, ना सॉकेट. जुगाडालाही तो भारी. अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ समुद्रात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांसाठी धातूचे अर्धगोल बनवणाऱ्या कारखान्यात काम करत. उघड्या ग्रिलवर वाऱ्याचा आणि राखेचा वैताग आला म्हणून १९५२ साली त्यांनी अशाच अर्धगोलांपासून झाकणाचं ग्रिल बनवलं. आज जगभर दिसणारं किटलीसारखं गोल ग्रिल ते हेच. एक झाकण, काही भोकं, आणि उघड्या चुलीची झाली भट्टी. आपल्या वर्कशॉपमध्ये अर्धा कापलेला पत्र्याचा ड्रम, दोन झडपा आणि एक जाळी एवढ्यावर हे काम एका दुपारी होईल. अट एवढीच की ड्रम नवा किंवा खाण्याच्या तेलाचा हवा. रसायनांचा नको, आणि आतून रंग असलेला तर मुळीच नको.

शाकाहारी मंडळींनीही इथे मत मांडावं. खानदेशातली मित्रमंडळी सांगतील, भरिताचं वांगं तुरकाठ्यांवर भाजलेलं वेगळं आणि गॅसवर भाजलेलं वेगळं. आमच्याकडे वसईला सुका बोंबील निखाऱ्यावर टाकला की गल्लीच्या तोंडापर्यंत बातमी जाते. जळणाला चव असते हे आपल्या आज्यांना ग्वायकॉलचं नाव न घेताही माहीत होतं.

आता ज्या मुद्द्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला तो. आमच्या ओळखीतल्या एका घरी मागच्या पावसाळ्यात बाल्कनीत कोळशाचं ग्रिल लावलं होतं. जेवणं झाली, सर जोरात आली. निखारे अजून गरम होते, धूर तर अजिबात नव्हता. म्हणून ग्रिल उचलून हॉलमध्ये आणलं आणि पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद केल्या. तासाभरात सगळ्यांची डोकी ठणकायला लागली, एकाला उलटी झाली. सगळे म्हणाले, चिकन बाधलं. पण त्या घरातल्या माझ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं की तिने चिकन खाल्लंच नव्हतं, तिने फक्त मक्याचं कणीस खाल्लं होतं. आणि तिचंही डोकं तेवढंच दुखत होतं! तिने सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, आणि सगळे दवाखान्यात गेले. थोडक्यात निभावलं. ती झोपून गेली असती तर?

तो कार्बन मोनॉक्साइड होता. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. कोळशावरच्या मांसाला बाहेरच्या बाजूने जी सुंदर गुलाबी कडा येते ना, ती ज्वलनातून निघणारे वायू, मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड आणि त्याच्या जोडीला हाच कार्बन मोनॉक्साइड, मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटल्यामुळे. हिमोग्लोबिन हा त्याचा सख्खा भाऊ. ताटातल्या तुकड्यावर ज्या रसायनाचं आपण कौतुक करतो, तेच बंद खोलीत आपल्यावर चालतं. 'धूर नाही म्हणजे धोका नाही' हे वाक्य म्हणूनच सर्वांत घातक. धुरामुळे निदान खोकला येतो. रसरसलेला निखारा मुकाट्याने काम करतो. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, त्या याच.

विजेच्या ग्रिलमध्येही ढलप्या धुमसवल्या की थोडा कार्बन मोनॉक्साइड निघणारच, तेव्हा ते उघड्या हवेतच लावायचं. शिवाय दोन गोष्टी दोन्हीकडे पाळायच्या. चरबी थेट निखाऱ्यावर किंवा एलिमेंटवर ठिबकून जळली की बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं तयार होतात. म्हणून चरबी थोडी कमी करा आणि मांस आचेच्या बाजूला ठेवा, डोक्यावर नको. आणि लाकूड कोरडं, रंग-पॉलिश नसलेलं हवं. मोडके ड्रॉइंग बोर्ड आणि प्लायवूडचे तुकडे जाळून चव येत नाही, त्यातल्या डिंकाचं विष येतं!

थोडक्यात काय, तर निवड चवीवरून करूच नका. चव दोन्हींत आणता येते. निवड जागेवरून करा. घर फ्लॅटमध्ये असेल, खाणारी चार-पाच माणसं असतील, बाल्कनीशी १६ अँपिअरचा पॉइंट असेल तर डोळे झाकून विजेचं घ्या. डोक्यावर आभाळ असेल आणि माणसं भरपूर असतील तर कोळसा. आणि पेटलेला कोळसा एकदा बाहेर गेला की राख गार होईपर्यंत उंबरठा ओलांडून आत येणार नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

म्हणून हॉस्टेलसाठी माझं मत कोळशाला. मात्र मेसमागच्या मोकळ्या मैदानात, सिमेंटच्या ओट्यावर, शेजारी वाळूची आणि पाण्याची बादली ठेवून. रेक्टर सर आणि मॅडम यांना नम्र विनंती, कोळशावर सरसकट बंदी घालू नका. बंदीने शेगडी जात नाही. ती मैदानातून उठते आणि कडी लावलेल्या खोलीत जाते, आणि तिथेच ती नको आहे. त्यापेक्षा महिन्यातून एक शनिवार द्या, ओटा द्या, आणि स्वतःही या. निखाऱ्याभोवती बसलं की सीनियर-ज्युनियर, व्हेज-नॉनव्हेज, मराठी-कॉन्व्हेंट सगळे एकाच बाजूला सरकतात, कारण धूर दुसऱ्या बाजूला जात असतो!

कमिटीची मीटिंग येत्या सोमवारी आहे. हात वर करण्याआधी एवढं आठवा. आणि हो, ढलप्या मी घरून आणते. आमच्या अंगणातला आंबा नुकताच छाटलाय, त्या फांद्या तोवर वाळायला ठेवल्या आहेत.