दिवसाचा दिवा

भर उन्हात मोटारसायकल चालवताना समोरून येणारा कुणीतरी हाताचा पंजा उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ असं आजही खुणावतो. त्याची आपुलकी खरी, पण 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करायचं बटणच नसतं. कारण साधं आहे. समोरून दुचाकी म्हणजे एक उभी रेघ. ओव्हरटेक करणाऱ्या एसटीच्या किंवा ट्रकच्या चालकाला ती झाडाच्या सावलीत चटकन दिसत नाही, दिसली तरी किती वेगात येतेय ते उमगत नाही. दिवा तिथे नजर खेचतो. म्हणून काही जण दिवसाही अप्पर लावतात. मला ते पटत नाही. त्या झोतात इंडिकेटर हरवतो, अंतराचा अंदाज चुकतो, ढगाळ हवेत तर डोळेच दिपतात. आणि दुपारी लावलेला अप्पर संध्याकाळी तसाच राहतो. डिपर पुरेसा आहे. जुनी गाडी असेल, तर निघताना तेवढा हाताने लावा, आणि काच पुसून घ्या.