आधी तिचं ताट

लेकीच्या पहिल्या पगाराचं जेवण पुण्यातल्या एका साध्याशा इटालियन हॉटेलात झालं. ‘टेस्टिंग मेन्यू’ म्हणजे थोडं थोडं, एकामागून एक. लसूण चोळलेल्या भाजक्या पावावर टोमॅटो, मग पास्ता, मग मासा, शेवटी कॉफीत भिजवलेलं तिरामिसू. इटलीत जेवण असंच क्रमानं येतं. पास्ता तर सुरुवातीलाच. तिसऱ्या बशीला मी सवयीनं उठायला लागले. ‘आई, बस ना गं!’ डोळेच भरून आले. २३ वर्षं गरम पोळी वाढली, खाल्ली कधी? बचत गटात विचारलं, तर सगळ्यांचं तेच. मैत्रिणींनो, हॉटेल राहू दे. आठवड्यातून एकदा तरी घरच्यांनी वाढावं, आपण आधी बसावं. पण हे सांगावं लागेल हं, आपल्यालाच!