बाल्कनीवर छप्पर घालताय? आधी वाऱ्याला विचारा

वाराणसीच्या भोसले घाटावर नावेतून उतरले की नजर आपोआप वर जाते. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा घाट. पायऱ्यांच्या माथ्यावर वाड्याची दगडी भिंत सरळ उभी चढत जाते आणि खिडक्या दिसतात त्या पार वरच्या बाजूला, लहान लहान. १९७८ च्या पुरात या शहरात गंगेची पातळी ७३.९० मीटरपर्यंत गेली होती; धोक्याची रेषा ७१.२६ मीटरवर आहे. पाणी असे अंगावर येते तिथे खालची भिंत कोरी असणे किती शहाणपणाचे, हे वेगळे सांगायला नको. आजही गंगाकाठच्या २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. मनात आले आणि पत्रा ठोकला, असे तिथे चालत नाही.

आपल्या सोसायट्यांमध्ये मात्र नेमके तेच घडते. मृग तोंडावर आला की सर्वांत वरच्या मजल्यावरच्या मंडळींना उघडी बाल्कनी खुपू लागते. कपडे वाळत नाहीत, पाणी थेट दिवाणखान्यात येते, ओल्या फरशीवर आजींचा पाय घसरण्याची धास्ती असते. मग फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो, आकडा सांगतो आणि दोन दिवसांत छप्पर तयार! गरज खरी असते, घाई तेवढी चुकीची.

बहुतेकांना वाटते, छप्पर जड झाले तर पडेल. खरी भीती उलट आहे. हलके छप्पर वाऱ्याने उडते. बांधकामासाठीच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबई व नागपूरला ४४ आणि वाराणसीला ४७ मीटर धरला आहे. ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब ढोबळ हिशेबाने चौरस मीटरला ११८ किलो भरतो. १० फूट लांब आणि ४ फूट रुंद बाल्कनीवर तो सव्वाचारशे किलोंच्या पुढे जातो. तेवढ्याच जागेवरचा ३ मिलिमीटर जाडीचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा असतो जेमतेम १३-१४ किलोंचा! इमारतीच्या कडेला आणि उंचावर वाऱ्याची ओढ आणखी वाढते. उडालेला पत्रा खाली खेळणाऱ्या मुलांवर पडू शकतो, हे विसरू नका.

म्हणून सांगाडा काँक्रीटच्या तुळईत किंवा खांबात अँकर बोल्टने पक्का करा. कठड्याच्या अर्ध्या विटेच्या भिंतीत किंवा नुसत्या गिलाव्यात ठोकलेले खिळे काही कामाचे नाहीत. इमारत जुनी असेल, तुळईला तडे असतील किंवा सळ्या गंजलेल्या दिसत असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भोके पाडलेल्या जागा नीट बुजवून घ्या, नाहीतर गळती थांबवायला गेलात आणि नवी ओढवून घेतलीत, असे व्हायचे.

आता पाण्याचे बघू. दर १० फुटांना १ फूट तरी उतार हवा. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर या एवढ्याशा छपरावरून सुमारे १८० लिटर पाणी वाहते. ते खालच्या वहिनींच्या पापडांवर सोडायचे नसेल तर पन्हळ आणि पाइप हवाच.

पत्रा कोणता घ्यावा? धातूचा टिकाऊ, पण पावसात ताशा वाजतो आणि उन्हात तापतो. पॉलिकार्बोनेटमधून उजेड येतो, मात्र त्याची ऊन सोसणारी बाजू वरच असली पाहिजे. ऊन-थंडीत तो ताणतो-आकसतो. ३ मीटर लांबीत ४० अंशांच्या फरकाने ८ मिलिमीटरपर्यंत! म्हणून त्याची भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवतात आणि खाली रबराची चकती देतात. अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा टाळाच. तो कापताना उडणारे तंतू फुप्फुसांना घातक असतात. पश्चिमेची बाल्कनी असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. दुपारनंतरचे तिरपे ऊन छपराखालून आत शिरते. त्याला चिकाचा किंवा वाळ्याचा पडदाच उपाय.

शेवटी कागदपत्रे. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत वाढीव काम करायला समितीची लेखी परवानगी लागते. महापालिकेची परवानगी लागेल का, तेही वास्तुविशारदाकडून आधीच जाणून घ्या. बाल्कनी छपरासह सगळीकडून बंद केली तर चटईक्षेत्राचा प्रश्न येऊ शकतो. जाळी बसवणार असाल तर तिला आतून उघडणारी खिडकी ठेवा आणि किल्ली तिथेच टांगा. आग लागली तर बाहेर पडायची तीच एक वाट उरू शकते.

खर्चाचा आकडा विचारण्याआधी फॅब्रिकेटरला एवढेच विचारा, "बोल्ट कशात बसवणार आणि पाणी कुठे सोडणार?" उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा माणूस शोधा. छप्पर एक पावसाळा उशिरा झाले तरी चालेल, पण पहिल्याच वादळात ते शेजाऱ्यांच्या अंगणात सापडता कामा नये.