मुलांना छडीबद्दल बोलू द्या

मुलाला पहिल्यांदा शाळेत किंवा मकतबात सोडायला गेलेले आपल्या घरातले बुजुर्ग शिक्षकांना एक वाक्य हमखास ऐकवायचे : 'गोश्त आपका, हड्डी हमारी.' म्हणजे पोरगं शिकलं पाहिजे, त्यासाठी हवं तेवढं मारा, फक्त हाडं शाबूत ठेवा. काही घरांत हे वाक्य आजही हसत हसत म्हटलं जातं. त्यात शिक्षकावरचा विश्वास आहे, मूल शिकावं ही तळमळ आहे. पण हा सौदा दोन मोठ्या माणसांत ठरतो. ज्याच्या गोश्तबद्दल बोलणं चाललंय तो सहा वर्षांचा मुलगा बोट धरून बाजूला उभा असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. त्याला विचारायला हवं, आणि उत्तर देता यावं म्हणून प्राथमिक शाळेतच त्याला वादविवाद शिकवायला हवा. या वेळी मला एवढंच मांडायचं आहे.

आधी कायद्याचं बघू. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यावर आणि त्यांचा मानसिक छळ करण्यावर बंदी घातली. त्याआधी, 2007 मध्ये, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्रासह 13 राज्यांत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली होती. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचं त्यात सांगितलं होतं.

आता आपल्याला थेट लागू होणारा भाग. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या गेल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, हा कायदा लागू होत नाही. 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका उपस्थित केली. पण प्रश्न न्यायालयाच्या पलीकडचा आहे. घटनेच्या कलम 30 ने आपल्याला संस्था चालवण्याचं स्वातंत्र्य दिलं ते आपली भाषा, आपली ओळख जपता यावी म्हणून. छडी जपण्यासाठी ते स्वातंत्र्य कुणी मागितलं नव्हतं.

अशा संस्थांत मारायला मोकळीक आहे, असंही कुणी समजू नये. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याला मारहाण करून विनाकारण यातना दिल्या, तर बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हा कायदा मार बसून गेल्यावर कामाला येतो. आणि ज्या हाफिजसाहेबांनी आपल्या घरी निकाह पढवला, ज्या सरांकडे थोरला भाऊ शिकला, त्यांच्याविरुद्ध ठाण्यात कोण जाणार? मोहल्ल्यात राहायचं असतं. म्हणून मार बसण्याआधी तो थांबवायचा तर तो शाळेच्या आत, मुलांच्या आणि शिक्षकांच्या बोलण्यातूनच थांबेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. गेली काही वर्षं रविवारी तास-दीड तास आम्ही काही मित्र मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत तिसरी ते पाचवीच्या मुलांना वादविवाद शिकवतो. काही उर्दू माध्यमाची, काही मराठी. आपल्या शाळांत 'वक्तृत्व' म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे : टीचरने लिहून दिलेलं भाषण, तीन रात्री पाठांतर, आणि 'मोबाइल शाप की वरदान'. विषय असा निवडायचा की कुणाला काही लागणार नाही. यंदा आम्ही मुलांच्या रोजच्या जगण्यातला विषय घेतला : 'मारल्याशिवाय वर्ग चालू शकतो का?'

माराची बाजू घेणाऱ्या मुलांचे मुद्दे दमदार होते. 'मागची पोरं ऐकत नाहीत, मग ज्यांना शिकायचंय त्यांचं नुकसान होतं.' 'वर्गात साठ जण आणि टीचर एकटी, ती काय करणार?' समोरून चौथीतली एक मुलगी उठली. म्हणाली, 'पाढा मला येतो. पण उभं केलं की छडी दिसते आणि पाढा जातो.' एक मुलगा म्हणाला, 'मार नको म्हणून मी सांगतो, वही घरी राहिली.' शेवटी एकीने विचारलं, 'अब्बांचं कामावर चुकलं तर त्यांचे साहेब छडी मारतात का?' उत्तर कुणालाच सुचेना.

वही घरी राहिल्याचं सांगणाऱ्या मुलाचा मुद्दा सहाशे वर्षांहून जुना आहे. इब्न खल्दूनने 1377 मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त शिकणाऱ्यांशी कठोर वागण्याने होणाऱ्या नुकसानावर वेगळं प्रकरण आहे. जबरदस्तीत वाढलेलं मूल आळशी होतं, मार चुकवण्यासाठी खोटं बोलायला आणि ढोंग करायला शिकतं, असं त्याचं निरीक्षण आहे. आपल्या परंपरेचा दाखला छडीच्या बाजूने देणाऱ्यांनी ते प्रकरणही वाचावं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला : जे कायद्याने चूक ठरलंय त्यावर दोन बाजू कशाला? मुलाचा हक्क मतदानाला टाकायचा का? नाही. म्हणूनच शेवटी हात वर करायला लावायचे नाहीत, निकाल द्यायचा नाही. पण 'मारल्याशिवाय कळत नाही' हे मुलं घरी, दारी रोज ऐकतात आणि खरं मानतात. तेच वाक्य स्वतःच्या तोंडाने मांडून त्यावरच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं, की ते किती टिकतं हे त्यांना स्वतःला दिसतं.

दुसरा आक्षेप : मुलं बेअदब होतील. आमचा अनुभव उलटा आहे. आमचा पहिला नियम असा की समोरच्याचा मुद्दा आधी तुझ्या शब्दांत सांग, 'बरोबर सांगितलं' असं तो म्हणाला की मगच उत्तर दे. मध्येच तोडायचं नाही. मत सांगितलं की कारण, कारणामागे दाखला. दुसऱ्या फेरीत बाजू बदलायची. मोठ्यांच्या किती सभांत एवढा अदब पाळला जातो? आमच्या क्षेत्रात नवा मुलगाही वरिष्ठाच्या कोडवर लेखी हरकत घेतो आणि वरिष्ठाला तिचं उत्तर द्यावं लागतं. नोकरीला लागलेली आपली हुशार मुलं तिथे पहिली दोन-तीन वर्षं गप्प बसलेली मी पाहिली आहेत. चूक दिसत असते, तोंड उघडत नाही. ही सवय कॉलेजात लागलेली नसते.

काही पथ्यं मात्र काटेकोर पाळावीत. कोणत्याही शिक्षकाचं नाव घ्यायचं नाही. 'तुला कधी मारलं?' असं सगळ्यांसमोर विचारायचं नाही. एखादं मूल बोलता बोलता रडू लागलं, तर वाद तिथेच थांबवून एका जबाबदार माणसाने त्याच्याशी बाजूला बसून बोलायचं. प्रकरण गंभीर वाटलं तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. आणि शिक्षकाला आरोपी करायचं नाही. साठ मुलांत एकटी उभी असलेली टीचर हाही या वादाचाच एक मुद्दा आहे आणि त्याचं उत्तर तिने नाही, संस्थेने द्यायचं आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आपापल्या शाळेचे माजी विद्यार्थी आहात. काहींचे चाचा, मामू कमिटीवर आहेत. यंदाच्या गॅदरिंगआधी शाळेला एक तास मागा. तिसरी-चौथीच्या मुलांचा हा वाद ठेवा, कमिटीच्या लोकांना समोर बसवा. नंतर मुलांचे पाच मुद्दे लिहून काढा आणि पंधरा दिवसांत त्यांचं लेखी उत्तर शाळेच्या फळ्यावर लावायला सांगा. मकतबातही हे होऊ शकतं. त्यासाठी आधी हाफिजसाहेबांसोबत चहा घ्यावा लागेल, एवढंच.

बालहक्क संहितेच्या कलम 12 नुसार आपल्याशी संबंधित बाबींत मुलाला मत मांडण्याचा हक्क आहे. 1992 मध्ये भारताने ती संहिता मान्य केली. आपण कलेक्टर कचेरीत निवेदनं घेऊन जातो, आमचं ऐका म्हणतो, आणि ते मागणं रास्त आहे. आपल्या शाळेतलं आठ वर्षांचं मूल तेच मागत असेल, तर त्याचं निवेदन स्वीकारायला कुणी तरी खुर्चीवर बसलेलं असलं पाहिजे.