सिंबा सोडा, तरस बघा

कार्टून बघायचं वय गेलं, असं कॉलेजला आल्यावर आपणच ठरवून टाकतो. तरी हॉस्टेलवर कुणाच्या लॅपटॉपवर 'द लायन किंग' लागला की चार जण पुस्तक बाजूला ठेवून बसतातच. या सिनेमातून नेतृत्व शिका, असं सांगणारी भाषणंही तुम्ही ऐकली असतील. त्या सगळ्या भाषणांमध्ये आपण सिंबा असतो. राजाचा मुलगा, संकटातून परत येणारा, शेवटी कड्यावर उभा राहून डरकाळी फोडणारा.

पण मित्रांनो, खरं बोलू या. आपण कुणीच राजाच्या घरात जन्मलेलो नाही. बीड जिल्ह्यात राजकारणाची आवड असलेला पोरगा आधी कुणाचा तरी कार्यकर्ता होतो. नेता नंतर, तेही झालाच तर. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की १९९४ चा हा सिनेमा एकदा तरसांच्या बाजूने बघा.

हे तरस हत्तींच्या हाडांच्या ओसाड पट्ट्यात उपाशी राहतात. स्कार त्यांना सांगतो, माझ्याबरोबर राहा, पुन्हा कधी उपाशी राहणार नाही. तरस त्याच्यामागे लागतात. ते वेडे नाहीत, त्यांची भूक खरी आहे. आपल्याकडचीही भूक खरीच आहे. पाऊस बेभरवशाचा, नोकऱ्या कमी, घरी बापाचं वय झालेलं. अशा वेळी एखाद्या भैय्याने खांद्यावर हात ठेवला, फ्लेक्सवर खालच्या ओळीत आपला फोटो टाकला, की बरं वाटतं. कुणीतरी आपल्याला ओळखतंय, असं वाटतं.

पुढे काय होतं? स्कार राजा होतो आणि जंगल उजाड होतं. तरस पुन्हा उपाशीच. आणि सिनेमाचा खरा धडा तर शेवटी आहे. सिंबासमोर कोंडीत सापडल्यावर स्कार पहिल्यांदा कुणाचं नाव घेतो? तरसांचं. सगळं यांनीच केलं म्हणतो. तरस ते ऐकत असतात.

हा प्रसंग पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर पळणाऱ्या प्रत्येकाने दोनदा बघावा. भैय्याच्या शब्दाखातर कुठे गाडी अडवली, कुणावर हात उचलला आणि गुन्हा दाखल झाला, तर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर नाव तुमचं असतं. तिथे भैय्याचा फोटो चालत नाही. मैदानी आणि लेखी दोन्ही निघाली तरी तो एक कागद आडवा येऊ शकतो. तेव्हा कुणाच्या मागे उभं राहायचं हे ठरवताना एवढंच बघा, की हा माणूस अडचणीत आला तर मला वाचवेल, की माझं नाव सांगेल?

आता दुसरा सिनेमा. पिक्सारचा 'अ बग्ज लाइफ', १९९८ चा. मुंग्या हंगामभर दाणे गोळा करतात आणि टोळ येऊन ते घेऊन जातात. एके दिवशी काही टोळ म्हणतात, एवढ्या खाण्यावर भागतंय, परत कशाला जायचं? तेव्हा त्यांचा म्होरक्या हॉपर त्यांच्यावर एक दाणा फेकतो. लागलं? नाही. दुसरा फेकतो. तोही लागत नाही. मग तो दाण्यांनी भरलेली अख्खी बाटलीच त्यांच्यावर ओततो. एका मुंगीची भीती नाही, पण मुंग्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत हे त्यांना कळता कामा नये, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

हे आपल्याला पुस्तकात वाचायची गरज नाही. हंगाम लागला की जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या ओस पडतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो, मुकादमाची उचल फेडायला सहा-सहा महिने फडात काढावे लागतात. हे वाचणाऱ्या अनेकांचे आई-वडील आत्ता तिकडेच असतील किंवा गेल्या वर्षी होते. एकटा कोयता कारखान्याला दर विचारू शकत नाही. पण संघटनांनी एकत्र रेटा लावला तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. सगळे प्रश्न सुटले असं नाही. उचलीचं ओझं आहेच. पण बाटली उपडी झाल्यावर काय होतं, ते दिसलं.

एकत्र यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगणारा सिनेमा तर आपल्याच देशातला आहे. 'एक अनेक और एकता'. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी तो केला, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. दूरदर्शनमुळे तुमच्या आई-बाबांच्या पिढीला तो तोंडपाठ आहे, विचारून बघा. गोष्ट पंचतंत्रातली. चिमण्या जाळ्यात अडकतात. एकेकटी फडफडून कुणीच सुटत नाही. सगळ्या एकदम उडतात आणि जाळंच घेऊन जातात, पुढे मित्र उंदीर ते कुरतडतात. यात कुणी राजा नाही, कुणाचा जयजयकार नाही. आणि चिमण्यांना उंदरांची मदत घ्यायला कमीपणाही वाटत नाही.

मग आपण एकदम का उडत नाही? कारण जाळ्यात अडकल्यावरही आपण आधी शेजारच्याचं आडनाव विचारतो. २०१६ चा 'झूटोपिया' नेमका यावर आहे. ज्युडी नावाची सशीण पोलीस होते. ती हुशार आहे, मनाने चांगली आहे. पण पत्रकारांसमोर ती बोलून जाते, की शिकारी प्राण्यांच्या रक्तातच हिंसा असावी. त्या एका वाक्याने शहर दुभंगतं. तिचा मित्र निक कोल्हा तिच्यापासून तुटतो. ज्युडी मोठी ठरते ती नंतर, जेव्हा ती निककडे जाऊन माफी मागते.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट कार्टूनपुरती राहिलेली नाही. २०२५ मध्ये बीड पोलीस दलात नावाच्या पाट्यांवरून आडनाव काढून फक्त पहिलं नाव ठेवायचं ठरलं. वर्दीतल्या माणसाकडेही लोक आधी जात म्हणून बघतात, हे त्यामागचं कारण. पाटी बदलली, चांगलं झालं. पण आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय? स्टेटसचं काय? तिथे कुणी एसपी आदेश काढणार नाही. तिथे ज्युडीसारखं 'चुकलं माझं' म्हणणारा एक जण लागतो. ते म्हणायला भाषण ठोकण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

नेतृत्वाची सुरुवात करायला पद लागत नाही. समजा, तुमच्या गावाची एसटी उशिरा येते आणि रोज पहिलं लेक्चर बुडतं. प्रत्येक जण एकटा कंडक्टरशी भांडतो आणि गप्प बसतो. त्याऐवजी त्या रस्त्यावरच्या पाच गावांतल्या पोरापोरींनी एक अर्ज लिहायचा, सह्या गोळा करायच्या आणि आगारप्रमुखांना जाऊन भेटायचं. एकदा नाही झालं तर परत जायचं. सह्या घेताना आडनाव बघायचं नाही. मुलींना मागे उभं करायचं नाही, त्यांचीही बस तीच आहे. बस वेळेवर आली तर त्याचा फ्लेक्स लावायचा नाही. पहिल्या लेक्चरला जाऊन बसायचं.